मधोमध

"मॅडम, साइट झकास झालीय. फक्त ते 'पाठवा'चं बटण तेवढं बघा. अक्षरं वर चढलीत."

सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या पतसंस्थेचे व्यवस्थापक फोनवर होते. त्यांच्या अर्जाचं पान मी दोन दिवसांपूर्वी बघायला पाठवलं होतं. फोन कानाला धरूनच मी ते पान उघडलं आणि बटणाची मापं काढली. वर १२ पिक्सेल पॅडिंग, म्हणजे कड आणि अक्षरं यांच्यामधली जागा, खाली १२ पिक्सेल. डावीकडे २४, उजवीकडे २४. आकडे चोख होते. "सर, बरोबर मधोमध आहे," असं म्हणणार तेवढ्यात नजर आकड्यांवरून बटणाकडे गेली, आणि शब्द तोंडातच राहिले. ते म्हणत होते तेच खरं होतं. शिरोरेषेच्या वर जेमतेम जागा, आणि 'पाठवा'च्या पायाखाली मोकळं अंगण.

"बघते सर," म्हटलं आणि फोन ठेवला.

एक वस्तू दुसरीच्या मधोमध ठेवायची, एवढंच काम. ताटात वाटी मध्ये ठेव म्हटलं तर चार वर्षांचं पोरही ठेवतं. पण वेबवरची पानं रचणाऱ्या आम्हा लोकांना हे काम सरळपणे, एका ओळीत करता यायला जवळजवळ तीस वर्षं लागली. त्यातली बरीच वर्षं मी स्वतः त्यात घालवली आहेत. आणि इतकं होऊनही त्या दिवशी माझं एक मराठी बटण मधोमध नव्हतं.

त्या बटणाकडे बघता बघता मला कराडचा छापखाना आठवला.

माझे आजोबा तिथे जुळारी होते. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. दिवाळीच्या सुट्टीत मी कराडला असले की आजीबरोबर त्यांचा दुपारचा डबा घेऊन जायचे. आत शिरलं की शाईचा आणि खिळे धुवायच्या रॉकेलचा वास, मागच्या खोलीतून ट्रेडल छपाईयंत्राचा खडखडाट. तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिकांचा हंगाम सुरू व्हायचा. तेव्हा आजोबांना जेवायलाही उसंत नसे. डबा उघडा पडलेला आणि ते उभे, डाव्या हातात ओळ जुळवायची पट्टी, म्हणजे स्टिक, उजवा हात खिळ्यांच्या कप्प्यांच्या पेटीत. त्यांची नजर हस्तलिखितावर असायची. हात आपला आपण बरोबर घरात जायचा.

पत्रिकेची पहिली ओळ ठरलेली, 'श्री गणेश प्रसन्न'. ती मधोमध हवी. स्टिकची रुंदी पत्रिकेच्या मजकुराएवढी बांधून घेतलेली असे. आजोबा आधी ओळ जुळवायचे, मग उरलेल्या जागेत दोन्ही बाजूंना क्वाड, म्हणजे अक्षर नसलेले कोरे ठोकळे, भरायचे. डावीकडे एक, उजवीकडे एक. पुन्हा डावीकडे एक, उजवीकडे एक. शेवटी क्वाड मावेनासा झाला की बारीक पट्ट्या, त्याही दोन्हीकडे सारख्या. ओळ घट्ट बसली की अंगठ्याने दाबून बघायचे. हलली तर अजून एक कागदाची चिंधी.

मला त्या वयात नवल वाटायचं ते एकाच गोष्टीचं. पत्रिकेवर जिथे काहीच नसतं, तिथेही आजोबांच्या हातात काहीतरी होतं. कोरी जागा शिशाची होती. ती अक्षरापेक्षा बुटकी म्हणून तिला शाई लागत नसे, पण ती होती, तिला वजन होतं. ओळी-ओळींमध्ये लेडच्या पट्ट्या, बाजूने लाकडी ठोकळे, आणि हे सगळं एका लोखंडी चौकटीत आवळलेलं. फर्मा उचलला तर एक खिळा खाली पडता कामा नये. मध्य काढायला आजोबांना चारही बाजू पक्क्या मिळत होत्या.

पहिलं प्रूफ निघालं की ते एक गंमत करायचे. म्हणजे मला तेव्हा ती गंमत वाटायची. ओली पत्रिका दोन बोटांत धरायचे आणि उलटी करायचे, खालचं वर. तशीच हातभर लांब धरून बघत राहायचे.

"उलटी का हो धरता, आजोबा?"

"सुलटी धरली की आपण वाचायला लागतो गं. उलटी केली की नुसती जागा दिसते."

मग फर्म्यातली एखादी पट्टी वरून काढून खाली घालायचे. मजकूर मोजून मध्ये असला तरी ते तो किंचित वर घ्यायचे. पट्टीने अगदी मध्यावर ठेवलेली गोष्ट डोळ्याला खाली घसरल्यासारखी वाटते, हे मला त्यांनीच दाखवलं. दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून दाखवलं, सांगितलं नाही.

१९९४ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे मी नऊ वर्षांची होते तेव्हा, जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन केंद्रात हॉकोन विउम ली या नॉर्वेच्या तरुणाने एक प्रस्ताव मांडला. वेबच्या पानातला मजकूर आणि त्याचं दिसणं वेगळं ठेवावं, दिसण्याचे नियम वेगळ्या कागदावर लिहावेत. पुढे बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची, म्हणजे दिसण्याचे हे नियम लिहायच्या भाषेची, पहिली आवृत्ती अधिकृत झाली. वेबचं पान छापील पानासारखं ताठ नसावं, वाचणाऱ्याच्या पडद्याप्रमाणे त्याने अंग चोरावं किंवा पसरावं, ही त्यातली कल्पना मला आजही फार मोठी वाटते. मजकूर ओतायचा, भांडं ज्याचं त्याचं.

पण मधोमध ठेवण्याची सगळी अडचण तिथूनच सुरू झाली. पडद्याची रुंदी ब्राउझरला आधीपासून माहीत असते. डावी कड आहे, उजवी कड आहे. म्हणून आडवा मध्य काढणं पहिल्यापासून सोपं होतं. एखाद्या चौकोनाला रुंदी द्यायची, दोन्ही बाजूंच्या मार्जिनला, म्हणजे बाहेरच्या मोकळ्या जागेला, 'ऑटो' म्हणायचं, की उरलेली जागा दोन्हीकडे सारखी वाटली जाते. आजोबांचे क्वाडच हे. डावीकडे एक, उजवीकडे एक.

उभ्या दिशेला मात्र असं होत नाही. वर-खाली मार्जिन 'ऑटो' लिहिलं तर साध्या प्रवाहात त्याचा अर्थ शून्य धरायचा, असं सीएसएसच्या नियमांत चक्क लिहिलेलं आहे. नवीन मुलं हे पहिल्यांदा बघतात तेव्हा वैतागतात. मीही वैतागले होते. आडवं जमतं ते उभं का जमू नये? कारण एवढंच की वेबच्या पानाला तळ नसतो. मजकूर वरून खाली वाहत जातो, जिथे संपेल तिथे पान संपतं. चौकोनाची उंची त्याच्या आतल्या मजकुरावरून ठरते. जेवढा मजकूर तेवढी उंची, मग उरलेली जागा म्हणून काही शिल्लकच नसते. वाटायचं काय? आजोबांच्या फर्म्याची खालची पट्टी काढून घ्या आणि त्यांना म्हणा, आता उभा मध्य काढा. त्यांनीही हात वर केले असते.

हे कळायला मला नोकरीची पहिली तीन वर्षं लागली. कुणी असं समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून आता मी हाताखालच्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात सांगते.

नोकरीला लागले २००७ मध्ये, पुण्यात. तोवर सीएसएसला दहा वर्षं होऊन गेली होती, पण जुनी पानं अजून टेबलांवर, म्हणजे आडव्या-उभ्या घरांच्या तक्त्यांवर, उभी होती. नेटस्केप या जुन्या ब्राउझरने आणलेला, मधोमध ठेवायचा सेंटर टॅग १९९७ च्या अखेरीस आलेल्या एचटीएमएल ४ ने, म्हणजे पानाचा मजकूर लिहायच्या भाषेच्या आवृत्तीने, वापरू नका असं सांगितलं होतं, तरी तो सगळीकडे सापडे. मला पहिलं काम मिळालं ते असंच एक पान दुरुस्त करायचं. टेबलात टेबल, त्यात आणखी टेबल. आणि घराघरांत एक पारदर्शक चित्र, १ पिक्सेल रुंद, १ पिक्सेल उंच, हवं तेवढं ताणून बसवलेलं. पानावर ते दिसत नसे, पण जागा धरून ठेवत असे. त्या दिवशी मी घरी आईला फोन करून सांगितलं की, आजोबांचे क्वाड मला सापडले. आजोबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

टेबलाची एक गोष्ट मात्र खरी होती. त्याच्या घराला उंची देता येई, आणि घरातला मजकूर उभ्या दिशेने मध्यावर आणता येई. त्या सोयीसाठीच लोक टेबलं सोडायला तयार नव्हते. सीएसएसमध्येही 'वर्टिकल-अलाइन: मिडल' असे शब्द होते, ते वाचून कुणालाही वाटावं की झालं काम. पण ते चालतं टेबलाच्या घरात, किंवा ओळीतल्या अक्षरा-चित्रांच्या एकमेकांशी असलेल्या जागेपुरतं. साध्या चौकोनावर लिहिलं तर काहीच घडत नाही. चूक झाल्याचा निरोपही येत नाही. ब्राउझर गप्प. सीएसएस शिकताना माणूस थकतो तो या गप्पपणाने.

मग आम्ही काय करायचो? एकच ओळ असली तर ओळीची उंची चौकोनाच्या उंचीएवढी करायचो. मजकूर दोन ओळींचा झाला की सगळं कोसळायचं. किंवा मग 'पोझिशन: ॲब्सोल्युट'.

हे 'ॲब्सोल्युट' मला भिंतीवर फोटो लावण्यासारखं वाटतं. पट्टीने भिंतीचा मध्य काढला, तिथे खिळा मारला: वरून ५० टक्के, डावीकडून ५० टक्के. आता फोटो टांगायचा. पण ब्राउझर टांगतो तो फोटोच्या डाव्या वरच्या कोपऱ्याला धरून. कोपरा मध्यावर, आणि फोटो उजवीकडे खाली घसरलेला. म्हणून त्याला परत मागे ओढायचं, स्वतःच्या निम्म्या रुंदीने डावीकडे आणि निम्म्या उंचीने वर. फोटो ३०० बाय २०० चा असेल तर उणे १५० आणि उणे १००. हे आकडे हाताने काढायचे. मजकूर वाढला, उंची बदलली, की पुन्हा काढायचे. माझ्या टेबलावर तेव्हा एक वही असायची, त्यात नुसती अर्धी केलेली मापं.

पुढे 'ट्रान्सफॉर्म' आलं आणि वही बंद झाली. त्यातल्या 'ट्रान्सलेट'ला उणे ५० टक्के दिले की ते टक्के भिंतीचे नसतात, फोटोचे स्वतःचे असतात. तू जेवढा असशील त्याच्या निम्म्याने मागे ये. ही युक्ती मला कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत कागदी नॅपकिनवर लिहून दाखवली होती. तो नॅपकिन मी बरेच दिवस जपला. उंची विषम असली की वस्तू अर्ध्या पिक्सेलवर उभी राहते आणि त्यातली अक्षरं किंचित धूसर दिसू शकतात, हे दुखणं नंतर कळलं. तरीही ती युक्ती गोड होती.

'ॲब्सोल्युट'ची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण नावावरून नेमका उलटा समज होतो. वस्तू कुणाच्या संदर्भात ठेवायची हे ती स्वतः ठरवत नाही. ती आपल्या पूर्वजांकडे बघत वर वर जाते: आई, आजी, पणजी. ज्या पूर्वजाने स्वतः 'पोझिशन' घेतलेली असेल, मग ती नुसती 'रिलेटिव्ह' का असेना, त्याच्या कडांवरून ती आपली जागा मोजते. कुणीच सापडलं नाही तर पानाच्या सुरुवातीला, पहिल्या पडद्याएवढ्या चौकटीला जाऊन चिकटते. माझी एक छोटी 'बंद करा'ची फुलीची खूण अशीच एकदा पानाच्या टोकाला जाऊन बसली होती. चौकटीला 'रिलेटिव्ह' म्हटलं आणि ती घरी आली.

२००९ मध्ये फ्लेक्सबॉक्सचा, म्हणजे वस्तू रांगेत मांडायच्या नव्या पद्धतीचा, पहिला मसुदा आला. मग २०११ मध्ये शब्द बदलले, २०१२ मध्ये पुन्हा बदलले, आणि आम्ही काही वर्षं एकाच गोष्टीसाठी तीन-तीन बोलींत नियम लिहीत राहिलो. पण जेव्हा ते स्थिरावलं तेव्हा खरंच सुटका झाली. 'डिस्प्ले: फ्लेक्स', 'जस्टिफाय-कंटेंट: सेंटर', 'अलाइन-आयटम्स: सेंटर'. तीन ओळी. मापं नकोत, वही नको. मार्च २०१७ मध्ये तर एका महिन्यात फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिघांनी ग्रिड, म्हणजे आडव्या-उभ्या रांगांची मांडणी, आणलं. असं पूर्वी झालं नव्हतं. एरवी एकाने आणलेली गोष्ट दुसऱ्यात यायला वर्षं जायची. ग्रिडमध्ये 'प्लेस-आयटम्स: सेंटर' एवढी एक ओळ पुरते. आणि २०२४ च्या वसंतात तिन्ही ब्राउझरांत अशी सोय झाली की फ्लेक्स नको, ग्रिड नको, साध्या चौकोनाला 'अलाइन-कंटेंट: सेंटर' म्हटलं की आतला मजकूर उभ्या दिशेने मध्यावर येतो. १९९६ ते २०२४. अठ्ठावीस वर्षं.

यातली कुठलीही ओळ लिहा, मूळ अट तीच राहते. गेल्या वर्षी आमच्याकडे नव्याने लागलेला एक मुलगा सकाळपासून एका चौकोनाशी झगडत होता. जेवायच्या वेळी माझ्याकडे आला. "ताई, तिन्ही ओळी लिहिल्यात, आडवं येतंय, उभं येत नाहीये." मी त्याला चौकोनाला लाल कड द्यायला सांगितली. कड मजकुराला घट्ट चिकटून उमटली. "आता सांग, वर-खाली जागा कुठाय?" त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. त्याने चौकोनाला उंची दिली, म्हणजे तळ दिला, आणि मजकूर उडी मारून मध्ये येऊन बसला.

मधोमध ठेवण्याचा हट्ट कुणाला त्रासही देऊ शकतो, हे मी एका प्रवेश अर्जाच्या पानावर शिकले. ती चूक माझ्या हातून झाली आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. छोटा अर्ज होता, पडद्याच्या बरोबर मध्यावर. मी बाहेरच्या चौकटीला पडद्याएवढी उंची पक्की दिली होती आणि आत सगळं सेंटर. माझ्या संगणकावर देखणं दिसत होतं. एका गावातून एका मुलीच्या वडिलांचा निरोप आला की अर्जात नाव लिहायची जागाच नाही. नावाची जागा होती, पहिलीच होती. पण त्यांचा फोन लहान, अक्षरं मोठी करून ठेवलेली, त्यामुळे अर्ज पडद्यापेक्षा उंच झाला. मधोमध ठेवलेली वस्तू चौकटीपेक्षा मोठी झाली की दोन्ही बाजूंनी सारखी बाहेर जाते. खालचा भाग सरकवून दिसतो. वरचा पानाच्या सुरुवातीच्याही वर जातो आणि तिथवर बोटाने कितीही ओढलं तरी पोचता येत नाही. ते गृहस्थ वर वर ओढत राहिले असतील.

उपाय साधा होता. पक्क्या उंचीऐवजी किमान उंची द्यायची, म्हणजे मजकूर वाढला की चौकट वाढते. किंवा सेंटरच्या आधी 'सेफ' हा शब्द लिहायचा. मग मावत नसेल तेव्हा ब्राउझर मध्याचा आग्रह सोडतो आणि सुरुवातीपासून दाखवतो. फ्लेक्समधल्या वस्तूला जुनं मार्जिन 'ऑटो' दिलं तरी हेच होतं. उरलेली जागा असेल तर वाटा, नसेल तर वरची कड सोडू नका. पडद्याच्या उंचीसाठीही आता वेगळी मापं आहेत, कारण फोनवर पत्त्याची पट्टी येते-जाते तशी पडद्याची उंची बदलते. २०२२ पासून ती बदलती उंची धरणारं 'डीव्हीएच' हे एकक सगळ्या ब्राउझरांत आलं. अर्ज असलेलं प्रत्येक पान मी आता अक्षरं दुप्पट करून तपासते. पहिली जागा दिसते का, एवढंच आधी बघते.

आणि आता ते बटण.

ब्राउझरला अक्षर दिसत नाही. त्याला दिसतो फाँटने सांगितलेला एक डबा. प्रत्येक फाँट आपल्यासोबत दोन आकडे आणतो: पायाच्या रेषेपासून वर किती जागा लागेल आणि खाली किती. ब्राउझर हा डबा मधोमध ठेवतो. डब्यात शाई कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. देवनागरीचा फाँट करणाऱ्याला दोन्हीकडे भरपूर जागा राखावी लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि कधी हे सगळं एकावर एक. खाली उकार, ऋकार, एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं. किती राखायची हे ज्याचं त्याचं गणित, म्हणून फाँट बदलला की मध्यही हलतो.

'पाठवा' या शब्दात वर काही नाही, खाली काही नाही. प, ठ, व आणि दोन काने. शिरोरेषेपासून पायापर्यंत एक सरळ पट्टा. मी घेतलेल्या फाँटने उकारांसाठी खाली चांगली ऐसपैस जागा ठेवली होती, ती सगळी रिकामी राहिली. शेजारचं बटण होतं 'पूर्ववत करा'. त्यात खाली दीर्घ ऊकार, वर रफार, डबा दोन्हीकडून भरलेला, आणि म्हणून ते ठीक बसल्यासारखं दिसत होतं. एकाच नियमाने रचलेली दोन बटणं, एक बरोबर, एक चढलेलं.

पहिला मोह झाला तो फक्त 'पाठवा' खाली सरकवायचा. तो करून बघितला आणि लगेच मागे घेतला. दोन्ही बटणांच्या शिरोरेषा एका ओळीत होत्या, त्या तुटल्या. मराठी डोळा ते सहन करत नाही. आपण लिहायला शिकतो तेव्हा अक्षरं रेघेवर उभी करत नाही, रेघेला टांगतो. दोन शेजारच्या शब्दांच्या रेघा वर-खाली झाल्या की काहीतरी निसटल्यासारखं वाटतं, कारण सांगता आलं नाही तरी.

रोमन लिपीच्या बाबतीत ही सोय हळूहळू होते आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सफारीत आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये क्रोममध्ये 'टेक्स्ट-बॉक्स' नावाचा गुण आला. डब्याची वरची रिकामी जागा मोठ्या रोमन अक्षरांच्या माथ्यापर्यंत छाटायची, खालची पायापर्यंत. मग उरलेलं मधोमध ठेवलं की खरोखर मधोमध बसतं. मी ते उघडलं तेव्हा आधी शोधला तो शिरोरेषेसाठीचा शब्द. नाही मिळाला. ओळीत चित्र बसवताना वापरायचं ते जुनं 'मिडल'ही आपल्या अक्षरांचं नाही. पायापासून रोमन छोट्या एक्सच्या निम्म्या उंचीवर ते मध्य धरतं, त्यामुळे मराठी शब्दाशेजारचं चिन्ह जरा खालीच राहतं. कॅनव्हासवर, म्हणजे पानातल्या चित्र काढायच्या फळ्यावर, अक्षरं काढताना मात्र 'हँगिंग' हा शब्द कधीपासून आहे, टांगलेल्या लिप्यांची रेषा असाच त्याचा अर्थ. म्हणजे आपली रेघ त्यांना माहीत नाही असं नाही. ती अजून सगळीकडे पोचलेली नाही. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेकडे भारतीय लिप्यांच्या मांडणीच्या गरजा नोंदवणारा दस्तऐवज आहे, चर्चा उघड्यावर चालतात, कुणालाही बोलता येतं. मराठीत रोज पानं रचणाऱ्या आपण तिथे जाऊन हे सांगितलं पाहिजे. मी माझ्यापुरतं लिहायला घेतलं आहे, दोन बटणांच्या चित्रासकट.

तोवर पतसंस्थेचा अर्ज थांबणार नव्हता. मी मध्य मोजायचा तो शिरोरेषा ते पाया एवढ्याच पट्ट्याचा, असं ठरवलं. वजन तिथे असतं. मात्रा आणि उकार डोळा पाहुण्यासारखे धरतो. दोन्ही बटणांना एकच पॅडिंग, वर १४, खाली १०. बटणाची उंची तीच. दीर्घ ऊकार खालच्या कडेजवळ येईल अशी धास्ती होती, पण त्यालाही पुरेशी जागा उरली. हा हिशोब एका फाँटपुरताच खरा, म्हणून तो फाँट आमच्याच सर्व्हरवरून आधी पोचेल अशी व्यवस्था केली. आणि नियमाच्या वर मराठीत टीप लिहून ठेवली, 'शिरोरेषेपासून मोजलं आहे, फाँट बदलल्यास पुन्हा मोजावं', नाहीतर पुढे कुणीतरी सद्हेतूने १२-१२ करून टाकेल.

मग एक ओळ तात्पुरती घातली: 'ट्रान्सफॉर्म: रोटेट १८० डिग्री'. दोन्ही बटणं उलटी झाली. शब्द वाचता येईनात. शिरोरेषा खाली गेली आणि अक्षरं तिच्यावर उभी राहिली. खुर्ची मागे सरकवून, हात लांब करावा तेवढ्या अंतरावरून मी बघत राहिले. डावं बटण, उजवं बटण, वरची जागा, खालची जागा. एक पिक्सेल अजून हवा होता. १५ आणि ९ केलं. पुन्हा बघितलं.

ती ओळ काढून टाकली, पान चढवलं आणि व्यवस्थापकांना फोन लावला.